मोटरसायकलचा मागचा लाइट: आधी तपासा, मग पैसे काढा

शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली, की आमच्याकडे खानदेशात रात्री अकरा-बाराला मोटरसायकली शेताकडे निघतात. मोटर चालू करायची, पिकाला पाण्याचे बारे द्यायचे आणि पहाटे परत यायचं. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर शिरपूरपासून चोपडा, यावल, फैजपूर, रावेरपर्यंत केळीचे ट्रक त्याच वेळी भरून निघालेले असतात. ऊस चालू असला की शहाद्याकडे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. या रस्त्यांवर पुढचा लाइट आपण आपल्याला दिसावं म्हणून लावतो. मागचा लाइट मात्र दुसऱ्याला आपण दिसावं म्हणून असतो, आणि तो बंद पडला तर चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. अमळनेर-धुळे रस्त्यावर एका अनोळखी माणसाने गाडी शेजारी आणून ओरडून सांगितलं होतं, "भाऊ, तुन्हा मांगला लाइट बंद शे!" त्या दिवसापर्यंत किती रात्री मी तसाच फिरलो होतो, मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी घाईने दुकानात जाऊन पूर्ण टेललाइट, म्हणजे काच, बॉडी, होल्डर सगळं विकत आणलं. बसवलं, तरी लाइट लागेना. शेवटी कळलं की अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, वायर मडगार्डखाली गंजून सुटली होती. स्क्रू घासून वायर घट्ट केली आणि जुनाच लाइट लागला. तेव्हापासून गल्लीतल्या पोरांना आणि शेजाऱ्यांना मी एकच सांगतो: खिशात हात घालायच्या आधी नेमकं काय गेलंय ते शोधा. मागच्या लाइटचे बहुतेक बिघाड बल्ब, होल्डरचा गंज, अर्थ किंवा ब्रेकचा स्विच यांतले असतात. पूर्ण युनिट बदलायची वेळ क्वचित येते.

हा लेख ज्यांनी गाडीचा एकही स्क्रू कधी उघडलेला नाही त्यांच्यासाठी आहे. घरची साधी हत्यारं पुरतात.

भिंतीसमोर गाडी उभी करा

संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडीची मागची बाजू भिंतीपासून दोन-तीन फुटांवर येईल अशी लावा. आता एकट्याने तपासता येतं, मागे कुणाला उभं करायला लागत नाही, कारण लाल उजेड भिंतीवर दिसतो.

चावी चालू करा. पुढचा ब्रेक दाबा, सोडा. मग पायाचा ब्रेक दाबा, सोडा. मग गाडी स्टार्ट करून हेडलाइटचं बटण असेल तर ते चालू करा आणि तेच पुन्हा करा. स्टार्ट करायला विसरू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइट आणि मागचा कायमचा लाइट बॅटरीवर चालत नाहीत, इंजिन फिरलं की वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोच्या करंटवर चालतात. इंजिन बंद असलं की ते लागतच नाहीत. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट मात्र बॅटरीवर असतात. एप्रिल २०१७ पासून दुचाकीचा हेडलाइट इंजिन चालू होताच आपोआप लागणं सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत हेडलाइट बंद करायचं बटणच नसतं. तुमची गाडी कोणत्या काळातली आहे ते आधी लक्षात घ्या, नाहीतर चांगला बल्ब "गेला" म्हणून फेकाल.

आता काय दिसतं त्यावरून निदान करायचं.

मागचा लाइट लागतो, हाताच्या ब्रेकने ब्रेकलाइट लागतो, पण पायाच्या ब्रेकने लागत नाही. इथे टेललाइट उघडायचं कामच नाही, पायाच्या ब्रेकचा स्विच बघायचा. उलटं असेल तर हँडलवरच्या ब्रेक लिव्हरचा स्विच. दोन्हींनी लागत नसेल आणि मागचा साधा लाइट चालू असेल, तर बल्बमधली ब्रेकची तार तुटलेली असण्याची शक्यता जास्त. दोन्ही स्विच एकाच वेळी सहसा जात नाहीत. ब्रेकलाइट लागतो पण साधा लाइट लागत नाही, तर बल्बची दुसरी तार.

दोन्ही लाइट बंद, हॉर्न आणि इंडिकेटरही बंद, तर फ्यूज किंवा बॅटरी बघा. फ्यूज बहुतेक गाड्यांत साइड पॅनलच्या आत बॅटरीजवळ असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागवू नका. वायरिंगमध्ये कुठे शॉर्ट असला तर तार वितळण्याऐवजी वायरिंगच जळतं, आणि मग खर्च हजारांत जातो.

एक लक्षण नवख्यांना फार चकवतं. ब्रेक दाबला की साधा लाइट मंद होतो, किंवा इंडिकेटर लावला की मागचा लाइटही त्याच्याबरोबर लुकलुकतो. असं दिसलं की बल्ब घेऊ नका. हा जवळपास नेहमी अर्थचा बिघाड असतो. करंटला परत जायला सरळ वाट मिळत नाही म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो.

सामान

फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, दहाचा पाना, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, सुती फडकं, काळी टेप, थोडं व्हॅसलीन आणि स्क्रू ठेवायला एक वाटी. वाटी खरंच घ्या. काळ्या मातीच्या अंगणात पडलेला लहान स्क्रू पुन्हा सापडत नाही.

याशिवाय टेस्ट लँप बनवून घ्या. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर नसला तरी चालतं. भंगारात पडलेल्या जुन्या इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट घ्या, त्याच्या दोन्ही वायरींना हातभर लांबीची वायर जोडा आणि टोकं सोलून ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावायचं, दुसऱ्याने तपासायचं. जिथे करंट आहे तिथे बल्ब लागतो. घरच्या विजेचा स्क्रू ड्रायव्हरसारखा टेस्टर इथे चालत नाही, बारा व्होल्टवर तो पेटतच नाही.

उघडायचं कसं

चावी बंद करा. गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, बल्ब चांगलाच तापलेला असतो. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे दुपारी गाडीच्या प्लॅस्टिकला हात लावता येत नाही. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेली काच ठिसूळ होते आणि स्क्रूजवळ लगेच तडकते. सकाळी किंवा सावलीत काम करा.

स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, सीटी अशा साध्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा लाल काचेवर बाहेरूनच दोन स्क्रू दिसतात. ते काढले की काच हातात येते. काही गाड्यांत काच चिकटलेली असते. तिथे सीट किंवा मागचा काऊल, म्हणजे सीटमागचं प्लॅस्टिकचं आवरण, काढून पाठीमागून होल्डर फिरवून बाहेर ओढायचा असतो. पल्सरसारख्या बऱ्याच गाड्यांत बल्ब नसतोच, आत एलईडी असतात आणि युनिट सीलबंद असतं. तुमचं तसं असेल तर बल्बचा भाग सोडून सरळ कपलर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा जोड), वायर आणि अर्थ तपासा. युनिट गेलंय असं पक्कं ठरेपर्यंत नवीन घेऊ नका, कारण ते महाग असतं.

स्क्रू गंजला असेल तर जोर लावू नका. थेंबभर रॉकेल किंवा तेल सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा, ड्रायव्हर बरोबर बसतोय ना ते बघा आणि त्याच्या मुठीवर हलकी टिचकी मारा. मग आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने आणि नंतर उलट फिरवा. फुली झिजली की तो स्क्रू काढणं हे वेगळंच दुखणं होऊन बसतं.

काच काढली की रबरी पट्टी नीट बघा. फाटली असेल तर पाणी आणि धूळ तिथूनच आत जाते. नवी पट्टी सुटी सहसा मिळत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची तेवढ्या मापाची पट्टी कापून लावा, छान बसते. फक्त बॉडीच्या तळाला असलेलं बारीक भोक बुजवू नका. आत साचलेलं पाणी निघून जावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. एम-सील लावून सगळंच बंद केलेले लाइट मी पाहिलेत. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या आत पाणी साचतं आणि होल्डर हिरवा पडतो.

बल्ब काढणे आणि ओळखणे

फडक्याने बल्ब धरा, आत दाबा, दाबलेला असतानाच थोडा डावीकडे फिरवा आणि बाहेर काढा. ओढून निघत नाही. काच फुटून फक्त पितळी टोपी राहिली असेल तर बॅटरीची मायनस वायर काढून पक्कडने तेच करा.

आता बल्ब उजेडात धरा. आत दोन तारा दिसतील. एक साध्या लाइटची, ५ वॅटची, आणि दुसरी ब्रेकची, बहुतेक वेळा २१ वॅटची. यातली कोणती तुटलीय ते डोळ्यांनी दिसतं. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर बल्बचे दिवस भरले आहेत. टोपीवर बारीक अक्षरांत "१२ व्होल्ट २१/५ वॅट" अशा अर्थाचे आकडे कोरलेले असतात. काही गाड्यांना १०/५ वॅटचा बल्ब येतो, आणि फार जुन्या काही गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. म्हणून जुना बल्ब दुकानात बरोबर न्या.

टोपीच्या बाजूला दोन खिळे असतात. डबल फिलामेंटच्या, म्हणजे दोन तारांच्या, बल्बचे खिळे एकाच उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली. बल्ब उलटा बसू नये म्हणून ही सोय आहे. उलटा बसला तर साधा लाइट म्हणून ब्रेकची मोठी तार जळेल आणि ब्रेक दाबल्यावर उजेड कमी होईल. इंडिकेटरच्या बल्बचे खिळे मात्र समान उंचीवर असतात आणि खाली एकच टोक असतं. तो बळजबरीने मागच्या होल्डरमध्ये घातलेला मी दोन-तीन गाड्यांत पाहिलाय. त्याने होल्डर वाकडा होतो, शिवाय ब्रेक आणि साधा लाइट एकमेकांत मिसळतात.

दुकानात "टेललाइटचा बल्ब द्या" एवढंच म्हणू नका. "डबल फिलामेंटचा, या जुन्यावरच्याच आकड्याचा द्या, आणि बॅटरीवर दोन्ही तारा लावून दाखवा" असं सांगा. चांगला दुकानदार लगेच दाखवतो. बल्ब तीस-चाळीस रुपयांच्या आसपास मिळतो. शक्य असेल तर एकदम दोन घ्या, दुसऱ्याचं काय करायचं ते पुढे सांगतो. जास्त उजेड हवा म्हणून मोठ्या वॅटचा घेऊ नका. २१ वॅटची तार १२ व्होल्टवर जवळपास पावणेदोन अँपिअर करंट ओढते. याहून मोठा बल्ब बॅटरी खातो, होल्डर तापवतो आणि काच आतून भाजून काढतो.

एलईडी बल्ब घ्यावा का

हा प्रश्न हमखास येतो. त्याच टोपीचा एलईडी बल्ब मिळतो, करंट कमी खातो, आणि दणक्यांनी त्यातली तार तुटण्याचा प्रश्न नसतो. खराब रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला हे सोयीचं वाटतं. पण लाल काचेमागे पांढरा एलईडी लावला की उजेड गुलाबीसर आणि फिका येतो, दुरून लालभडक दिसत नाही. लाल काचेमागे लाल एलईडीच शोभतो. आता इथे दुसरी अडचण येते. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत काचेच्या खालच्या बाजूला पारदर्शक खिडकी असते आणि तिथून त्याच बल्बचा उजेड नंबर प्लेटवर पडतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागे लाल दिवा हवा आणि नंबर प्लेटवर पांढरा उजेड हवा. लाल एलईडी लावला तर प्लेटही लाल होते आणि एमएच-१९ की एमएच-३९ ते रात्री वाचता येत नाही. शिवाय स्वस्त एलईडीत साध्या आणि ब्रेकच्या उजेडात फारसा फरक नसतो. मागच्याला आपण ब्रेक लावलाय हे कळलंच नाही, तर लाइट असून काय उपयोग? मॅग्नेटोवर चालणाऱ्या जुन्या गाडीत तो थरथरतो किंवा लवकर जातो.

माझं मत स्पष्ट आहे: पैसे मोजके असतील तर जुन्यावरच्याच आकड्याचा साधा बल्ब घ्या. लुकलुकणारे, निळे-जांभळे रंगाचे ब्रेकलाइट तर अजिबात नकोत. मागून येणाऱ्याला ती गाडी आहे की लग्नाची रोषणाई हे ठरवायला वेळ लागतो, आणि ते दोन सेकंदच महत्त्वाचे असतात.

होल्डर आणि अर्थ: खरा बिघाड इथे लपतो

नवा बल्ब घालण्याआधी होल्डरमध्ये डोकवा. आमच्या भागातली बारीक धूळ, वरून पावसाचं पाणी, आणि गाडी गोठ्याजवळ लावत असाल तर तिथली ओल, यांनी होल्डर आतून हिरवट-पांढरा होतो. पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून भिंती घासा. तळाच्या दोन टोकांवरचा थर बारीक घासून काढा. ही टोकं स्प्रिंगवर असतात. बोटाने दाबून वर येतात का ते बघा. अडकून बसली असतील तर बल्बला टेकतच नाहीत. टूथब्रशने धूळ झाडा, पितळेच्या भिंतींवर व्हॅसलीनचा पातळ हात द्या. हे सगळं करताना चावी बंदच हवी.

बल्ब घाला: उंच खिळा उंच खाचेत, दाबा, उजवीकडे फिरवा, मग चावी चालू करा. लाइट लागला? तर काच लावण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा.

नाही लागला तर अर्थ तपासा. एक सुटी वायर घ्या. तिचं एक टोक होल्डरच्या धातूच्या भिंतीला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. चावी चालू करून ब्रेक दाबायला एखाद्या पोराला सांगा. लाइट लागला तर तुमचा बिघाड सापडला, आणि तो फुकट दुरुस्त होतो. होल्डरपासून निघालेली अर्थची वायर चॅसिसवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) किंवा मडगार्डवर जिथे बोल्टने बसवलेली आहे तो बोल्ट सोडवा, खालचा रंग आणि गंज खरवडा, टोकाची रिंग घासा, घट्ट आवळा आणि वरून थोडं ग्रीस लावा. नवीन रंग दिलेल्या गाडीत हा बिघाड फार येतो, कारण रंगाच्या थरातून करंट जात नाही.

अर्थ ठीक असेल तर टेस्ट लँप काढा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं होल्डरकडे येणाऱ्या वायरीला. हिरो आणि होंडाच्या गाड्यांत सहसा तपकिरी वायर साध्या लाइटची, हिरवी-पिवळी पट्ट्याची ब्रेकची आणि पूर्ण हिरवी अर्थची असते. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे असतात, त्यामुळे रंगावर विसंबून न राहता करंट बघूनच ठरवा. होल्डरपाशी करंट नसेल तर एक-एक कपलर मागे जात तपासा. जिथे टेस्ट लँप लागतो आणि पुढच्या कपलरला लागत नाही, त्या दोन जागांच्या मधे वायर तुटली आहे.

तुटण्याची ठरलेली ठिकाणं असतात. मागे कॅरिअर बसवलेलं असेल, त्यावर दुधाचे कॅन किंवा चाऱ्याचा भारा जात असेल, तर कॅरिअरचा बोल्ट आणि मडगार्ड यांच्यामधे वायर चिमटते. टायर जिथे मडगार्डच्या आत घासतो तिथे ती झिजते. आणि गाडी धान्याच्या खोलीत लावत असाल तर उंदीर सीटखालचं वायरिंग कुरतडतात. दोन्ही टोकं सोलून पीळ द्या, जमलं तर सोल्डरचा डाग मारून घ्या, नाहीतर पीळ घट्ट द्या. टेप गुंडाळताना दोन्ही टोकांना बारीक केबल टाय आवळा. ही गोष्ट उन्हाळ्याने शिकवली: एप्रिल-मे महिन्यात टेपचा डिंक वितळतो, टेप घसरते आणि उघडी वायर चॅसिसला लागून फ्यूज उडतो.

ब्रेकचा स्विच

पायाच्या ब्रेकचा स्विच उजव्या फूटरेस्टजवळ असतो. एका बारीक स्प्रिंगने तो पेडलला जोडलेला असतो. स्प्रिंग तुटली किंवा निसटली की ब्रेकलाइट गेला. आधी ती बघा. स्प्रिंग जागेवर असेल तर स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना लावा आणि चावी चालू करा. ब्रेक दाबल्यावर जे होतं तेच यात होतं, भीती नको. लाइट लागला तर स्विच खराब. नाही लागला तर बिघाड पुढे आहे, स्विच घेऊ नका.

स्विच चांगला असूनही उशिरा लाइट लागत असेल तर त्याच्या अंगावरचं प्लॅस्टिकचं नट फिरवा. स्विचचं अंग एका हाताने घट्ट धरायचं, नाहीतर ते नटाबरोबर फिरतं आणि वायरी पिळवटतात. स्विच वर सरकला की लाइट लवकर लागतो. पेडल थोडं दाबताच, ब्रेक पकडायला लागण्याआधी, लाइट लागला पाहिजे. आणि पाय काढला की विझला पाहिजे. कायम पेटून राहणारा ब्रेकलाइट बंद असलेल्या लाइटइतकाच धोक्याचा आहे, कारण तुम्ही खरंच थांबताय की नाही हे मागच्याला कळणार नाही. चिखलात गाडी घातली असेल तर स्विच धुऊन, वाळवून बघा, कधीकधी तेवढ्याने चालू होतो. पेडल किंवा मागच्या ब्रेकचं काही काम केलं की हा स्विच पुन्हा एकदा बघायचा.

काच फुटली असेल तर

दुकानात "फक्त काच द्या" म्हणून मागा. साध्या गाड्यांची सुटी काच मिळते आणि ती पूर्ण युनिटपेक्षा बरीच स्वस्त पडते. लोकल काच घेताना उजेडात धरून रंग बघा. नारिंगी किंवा फिकट गुलाबी वाटली तर सोडून द्या, एका उन्हाळ्यात ती आणखी उडते. काचेच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला भाग रिफ्लेक्टर असतो. गाडी बंद असतानाही मागच्या गाडीच्या उजेडात तो चमकतो. काही स्वस्त काचांत ती नक्षी नुसती दिखाऊ असते. दुकानात मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून काचेवर मारा. खरा रिफ्लेक्टर लख्ख परत चमकतो.

जुन्या पार्टच्या दुकानात कंपनीची वापरलेली काच मिळाली तर मी ती नव्या लोकल काचेपेक्षा आधी घेईन. फक्त स्क्रूच्या जागा तडकलेल्या नाहीत ना ते बघा.

फुटलेल्या काचेचे तुकडे जवळ असतील तर चिकटवून आठवडाभर काम भागतं. तुकडा हरवला असेल तर मागून पांढरा उजेड दिसतो, आणि अंधारात मागून येणाऱ्याला वाटतं की गाडी त्याच्याकडे येतेय. त्यावर लाल जिलेटिन कागद चिकटवतात, पण तो बल्बच्या उष्णतेने आकसतो. तेवढे दिवस रात्री गाडी न काढणं बरं.

काच परत लावताना स्क्रू एक-एक करून थोडे थोडे आवळा. रबर दबलं की थांबा. प्लॅस्टिकमधला स्क्रू ताकदीने आवळला तर नवी काच घरी आणल्या दिवशीच तडकते.

बल्ब महिन्याला जात असेल तर

एकदा बल्ब गेला तर तो बल्बचा दोष. दर महिन्या-दोन महिन्यांनी जात असेल तर दोष दुसरीकडे आहे. टेललाइट बोटाने हलवून बघा. बॉडी सैल असेल, मडगार्डचा बोल्ट ढिला असेल तर दणक्याने तार तुटते. सगळं घट्ट असेल तर करंट जास्त येत असावा. गाडी रेज केल्यावर हेडलाइट एकदम डोळे दिपवण्याइतका उजळतो का ते बघा. गॅरेजमध्ये मल्टिमीटर लावून घ्या. इंजिन रेज केल्यावर बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर, ज्याला मिस्त्री कट-आउट म्हणतात, तो गेलाय. मॅग्नेटोवरच्या लाइटचा करंट मात्र बॅटरीवर दिसत नाही, तो वेगळा मोजायला सांगा. हे काम घरी करू नका, इथे मिस्त्रीला पैसे देणं योग्य आहे. तिथे गेल्यावरही "नवा टेललाइट बसवा" असं सांगू नका. "करंट कुठपर्यंत येतो ते बघा, अर्थ मी तपासलाय" असं सांगा. तुम्ही काय काय बघितलंय हे कळलं की त्याचाही वेळ वाचतो आणि तुमचा खर्चही.

शेवटची तपासणी आणि काड्यापेटीतला बल्ब

पुन्हा भिंतीसमोर या. चावी चालू, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबा. ब्रेक दाबलेला ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. मधेच लाइट गेला तर हँडलजवळच्या वायरीत कुठेतरी तूट आहे. सीटच्या मागच्या भागावर हाताने दणके द्या, तरी लाइट स्थिर राहिला पाहिजे. मग कुणाला तरी रस्त्यावर पन्नास-साठ पावलं मागे उभं करा आणि विचारा की साधा लाइट आणि ब्रेकलाइट वेगळे ओळखू येतात का. नंबर प्लेट वाचता येते का.

मडगार्डच्या तळाला आणि कॅरिअरच्या दोन्ही कडांना लाल रेडियमची पट्टी लावा. बैलगाडी आणि ट्रॉलीला लावतात तीच, दहा-वीस रुपयांत होते. मागे चारा बांधला की टेललाइट झाकला जातो, तेव्हा भाऱ्याच्या मागेही एखादा पट्टा बांधा. लाइट वाटेत गेला तर इंडिकेटर लावून चालत राहू नका, मागच्याला वाटतं तुम्ही वळताय. ओळखीचा कुणी असेल तर त्याला आपल्या मागे गाडी ठेवायला सांगा, नाहीतर ढाब्यावर थांबा.

आणि तो दुसरा बल्ब: कापसात गुंडाळा, काड्यापेटीत घाला, वरून रबर लावा आणि लहान ड्रायव्हरसकट साइड पॅनलमधल्या पिशवीत ठेवा. आमच्या भागात कापसाची कमी नाही. शेतातून रात्री दोन वाजता निघताना बल्ब गेलेला दिसला, तर मोबाइलच्या उजेडात पाच मिनिटांत बदलता येतो.